लॉकमध्ये बांधलेला दोर

मंडळी, लॅबमधल्या कॉम्प्युटर टर्मिनलवर बसलोय आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

आज इथून जवळच्या नेपरव्हिल गावातल्या एका ओळखीच्या काकांनी मला त्यांच्या छोट्या शिडाच्या बोटीतून फिरायला नेलं. सोबत काकू. वाटेत कालव्याचं लॉक लागलं. तिथे दारं बंद करून पाणी उतरवतात, पाण्याबरोबर बोटही खाली जाते. लॉकवाल्याने वरून ओरडून सांगितलं, दोर काठावरच्या खुंट्याला बांधू नका, हातात धरून सैल सोडत राहा.

"त्याला काय कळतंय? घट्ट बांध," काका म्हणाले. "वीस वर्षं इंजिनियर आहे मी."

ते चुकतायत हे मला कळत होतं. तरी "हो काका" म्हणालो आणि बांधला.

पाणी उतरलं तशी बोट एका बाजूने दोराला लटकली. ताणलेली गाठ सुटेना. शेवटी काकूंनी काकडी चिरायच्या सुरीने दोर कापला, तेव्हा बोट धाडकन पाण्यावर आदळली.

काका माझ्यावरच खेकसले, "साधी गाठ सोडता येत नाही, आणि म्हणे पीएचडी करतोय."

तुमच्यापैकी कोणी अशा माणसाला तोंडावर "नाही" म्हटलंय का? उतरताना ते म्हणाले, पुढच्या शनिवारी परत ये.

मी म्हणालो, "हो काका."