बॅटरी बाकावर होती

संत्र्याच्या गेल्या आंबिया बहाराच्या तोडीत, सौंसरच्या एका गॅरेजमध्ये, माझ्या बहिणीच्या पिकअपचा काजळीने तुंबलेला फिल्टर दुपारच्या जेवणाच्या वेळात आपोआप साफ झाला. इंजिन बंद होतं. बॅटरी काढून बाकावर चार्जिंगला लावलेली होती.

मी आयुष्यभर वर्तमानपत्रात काम केलं. असल्या अनुभवांची पत्रं टेबलावर यायची... मी एकही छापलं नाही. विश्वास नव्हताच. आज तसंच पत्र मी लिहितो आहे.

माझी धाकटी बहीण मंदा बोरगावच्या बागांतून सौंसरला संत्री वाहते. गाडी तिची, चालवते तीच. नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी मोठ्या रस्त्यावर सलग पळाली की तो तापतो आणि साठलेली काजळी जाळून टाकतो. मंदाच्या फेऱ्या छोट्या, त्यामुळे तो तापायचाच नाही. असा फिल्टर तुंबला की पुष्कळ जण काढून टाकतात. मंदाने काढला नाही. उलट माल भरताना ती सायलेन्सरच्या तोंडात पांढरा रुमाल फिरवून बाकीच्या ड्रायव्हरांना दाखवायची. रुमाल पांढराच निघायचा.

त्या दिवशी डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडी ओढेना. संध्याकाळी पांढुर्ण्याचा माल न्यायचा होता. त्या मालावर दुसरा ड्रायव्हर दिवाकर टपलेला. त्याच्या गाडीतला फिल्टर केव्हाच निघाला होता. तो गॅरेजच्या दारातूनच ओरडला, "काय व मंदाताई, आता रुमालानं गाडी ओढून राहिली काय?"

मेकॅनिक शंकरभाऊंनी मशीन लावून फिल्टर तापवून पाहिला. जमलं नाही. पुन्हा लावलं... बॅटरीच उतरली.

"ताई, आतली जाळी काढतो, डबा तसाच ठेवतो. कोनाले कळते?"

"मले कळते ना, भाऊ."

"मंग माल दिवाकर नेईन."

"नेऊ दे. माल त्याचा, रुमाल माहा."

या पत्रातलं माझं मत एवढंच: त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटला.

आम्ही तिघं समोरच्या कडुनिंबाखाली जेवायला बसलो. गाडी डोळ्यांसमोर, किल्ली मंदाच्या कमरेला. जेवण संपता संपता जळका वास आला. फिल्टरच्या डब्यावर अडकलेलं संत्र्याचं वाळकं पान राख झालं होतं. शंकरभाऊंनी डब्याला बोट लावलं —

"बाप्पा!"

बोटाला फोड आला. मी इंजिनवर हात ठेवला. इंजिन थंड होतं.

बॅटरी बसवून मशीन लावलं. फिल्टर रिकामा दाखवला. गाडीच्या मीटरने एक किलोमीटरही जास्त दाखवला नाही.

पुढे नागपूरच्या वर्कशॉपमध्ये तपासणी झाली. जाळी शाबूत होती. बंद इंजिनात असं होत नाही, मशीन चुकलं असेल, असं तिथे सांगण्यात आलं. मशीन चुकू शकतं. फोडाबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मंदा माल भरायला वेळेत पोचली. जाळी काढलेली नाही हे दिवाकरला पटेना. "तुह्या रुमालाचा भरोसा नाही," म्हणत त्याने स्वतःच्या गळ्यातला पांढरा दुपट्टा काढला, तिच्या सायलेन्सरच्या तोंडात बोटभर आत घालून फिरवला आणि सगळ्यांसमोर बाहेर ओढला.

दुपट्टा पांढरा निघाला.