डावं पान, उजवं पान

अर्थखात्याच्या उपमंत्र्याला नेमकं काम काय असतं, हे अख्ख्या देशात फक्त दोघांना ठाऊक असतं. एक खुद्द उपमंत्री, आणि पहिले सहा महिने त्यांनाही ते ठाऊक नसतं. दुसरे चिठ्ठीकाका.

काका उपमंत्र्यांच्या कार्यालयात एकतीस वर्षं आहेत. आठ उपमंत्री त्यांच्या हाताखालून गेले म्हणावं, तर कागदोपत्री काकाच त्यांच्या हाताखाली. पण नवा उपमंत्री हजर झाला की पहिल्या दिवशी त्याला खुर्ची दाखवायची, दुसऱ्या दिवशी ती खुर्ची केवढी आहे ते दाखवायचं, आणि तिसऱ्या दिवसापासून कामाला लावायचं, हा क्रम काकांचाच. फायलीत जागोजागी रंगीत चिठ्ठ्या चिकटवायची सवय, म्हणून नाव चिठ्ठीकाका. खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुणी उच्चारत नाही.

अर्थसंकल्पाच्या दिवशी बॅग हातात धरून फोटो काढून घेतात ते अर्थमंत्री. त्यांना सगळे ‘मोठे साहेब’ म्हणतात. त्याच फोटोच्या कडेला अर्धा कान दिसतो, तो उपमंत्र्यांचा. साहेबांना भेटायला आलेल्या शिष्टमंडळाची समजूत काढायची, कुणालाही न कळणारी विधेयकं मांडायची, जेवणाच्या वेळी ओस पडलेल्या सभागृहात सरकारतर्फे जागं राहायचं, आणि साहेब नसतील तेव्हा प्रश्नांची उत्तरं द्यायची, हे सगळं त्या अर्ध्या कानाकडे.

“तुमचे मंत्री पेपरात कसे कधी दिसत नाहीत हो?” काकू विचारायच्या.

“अगं, उपमंत्री पेपरात आला म्हणजे काहीतरी बिनसलं समजायचं.”

“म्हणजे एकतीस वर्षं तुमचं काहीच बिनसलं नाही?”

“नाही,” काका छाती फुगवून सांगायचे.

नवव्या आल्या त्या उपमंत्रीबाई. बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी काकांना विचारलं, “काका, मला काय येत नाही ते आधी सांगा.” आठ उपमंत्र्यांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. काका तिथल्या तिथे विरघळले.

महिन्याभरात साहेब परदेशी बैठकीला निघाले आणि प्रश्नोत्तरांचा तास बाईंच्या गळ्यात पडला. पक्षातले दोघे-तिघे त्या खुर्चीवर डोळा ठेवून होतेच. “मास्तरीणबाई पहिल्याच तासाला नापास होणार,” असं ते कॅन्टीनमध्ये मोठ्याने बोलत, म्हणजे काकांना ऐकू जावं. बाईंचं मंत्रिपद त्या तासावर टांगलेलं होतं, आणि हे बाईंनाही कळत होतं.

काकांनी दुपारच्या सुट्टीत तीन दिवस त्यांची तयारी करून घेतली, जुन्या फायली समोर ठेवून. फाइल उघडली की डाव्या पानावर छापील उत्तर, उजव्या पानावर पिवळा कागद. पिवळ्या कागदावर खात्याची आतली हकीकत लिहिलेली, आणि खाली समोरच्यांचे उपप्रश्न टिपायला कोरी जागा.

“डावीकडचं वाचायचं, उजवीकडचं पोटात ठेवायचं,” काका म्हणाले. “म्हणा.”

“डावीकडचं वाचायचं, उजवीकडचं पोटात ठेवायचं,” बाई वर्गातल्या मुलीसारखं म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी काकांच्या एक गोष्ट ध्यानात आली. बाई डावखुऱ्या. उजव्या पानावर टिपणं घेताना त्यांचा हात छापील उत्तरावर आडवा यायचा आणि मजकूर झाकायचा. काकांचा जीव कळवळला. त्यांनी खऱ्या फायलीची पानं उलटी लावली. पिवळा कागद डावीकडे, उत्तर उजवीकडे. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी पद्धत मोडली आणि त्या आनंदात घरी गेले. बाईंना सांगायचं मात्र राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी काका सभागृहातल्या अधिकाऱ्यांच्या कक्षात नेहमीच्या जागी बसले. विरोधी बाकावरचे दाढीवाले सभासद उठले. त्यांचा प्रश्न पोस्टातल्या बचत खात्याचा होता. खातेदार वारल्यावर वारसांना जो अर्ज भरावा लागतो, तो सोपा करण्याचा सरकारचा विचार आहे काय? हा प्रश्न चार वर्षं येत होता आणि त्याचं उत्तर काकांना झोपेतही पाठ होतं : ‘बाब विचाराधीन आहे.’

बाई उभ्या राहिल्या. फाइल उघडली. आणि शिकवल्याबरहुकूम, खणखणीत आवाजात, डावीकडचं वाचलं.

“अध्यक्ष महोदय, विचाराधीन म्हणजे फाइल चार वर्षं कपाटात आहे. तिच्यावर कुणीही विचार करत नाही. अर्जाला चौदा कागद जोडावे लागतात. शिवाय त्यात खुद्द मयत खातेदाराची सही मागितलेली आहे. हा भाग विचारल्यासच सांगावा. शक्यतो विचारू देऊ नये.”

मग जो हशा उसळला, त्यात सरकारी बाकही सामील होते. अक्षर काकांचंच, वाक्यंही त्यांचीच.

“मयताची सही आणायची कुठून, तेही सांगा बाई!” दाढीवाले ओरडले.

बाईंनी एकदा फायलीकडे पाहिलं, एकदा काकांच्या कक्षाकडे. काका तोंडात मारल्यासारखे बसले होते. आता ‘माझ्या कार्यालयाची चूक झाली’ एवढं म्हटलं की बाई सुटत होत्या. आठही उपमंत्र्यांनी तेच म्हटलं असतं, आणि काकांनी ते बरोबरच मानलं असतं.

बाईंनी फाइल मिटली.

“हसून झालं असेल तर बसा,” त्या म्हणाल्या, आणि आश्चर्य म्हणजे सगळे बसले. बावीस वर्षांची सवय. “मी जे वाचलं ते खरं आहे. ते मी वाचायला नको होतं, हेही खरं आहे. पण मंत्री वाचतो ते सरकारचं उत्तर, त्यामुळे हेच सरकारचं उत्तर. कपाट माझं आहे, फाइल माझी आहे. आठ दिवस द्या. नवा अर्ज घेऊन इथेच उभी राहते. नाही जमलं तर ही खुर्ची ज्यांना हवी आहे त्यांनी खुशाल घ्यावी.”

बाहेर आल्यावर काकांनी हात जोडले. “बाई, मी...”

“पानं माझ्या हातासाठी बदललीत ना?”

“हो.”

“मग रडताय कशाला? मला न सांगितल्याबद्दल दहा वेळा लिहून काढायला लावलं असतं, पण आता वेळ नाही. कपाटाची किल्ली आणा.”

संध्याकाळी परदेशातून साहेबांचा फोन आला. बाई बराच वेळ नुसतं “हो साहेब” म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, “आठ दिवसांनी बोलू म्हणाले. म्हणजे तोवर आपण आहोत.”

दुसऱ्या दिवशी बाई पेपरात होत्या. काकूंनी पेपर काकांच्या बशीशेजारी ठेवला. “बिनसलं वाटतं?”

“बघू,” एवढंच म्हणून काका उठले.

ते आठ दिवस काका जेवढे राबले, तेवढे एकतीस वर्षांत राबले नव्हते. पोस्टातल्या खिडकीमागच्या बाईला बोलावून त्यांनी विचारलं, यातले कागद तुम्ही खरोखर किती वाचता? ती म्हणाली, तीन. विधी खात्याने नाक मुरडलं, तेव्हा उपमंत्रीबाई स्वतः जिने चढून तिथल्या अधिकाऱ्याच्या टेबलासमोर जाऊन बसल्या आणि सही झाल्याशिवाय हलल्या नाहीत. अकरा कागद गेले. मयताची सही गेली. चार पानांचा अर्ज एका पानावर आला.

आठव्या दिवशी बाई उभ्या राहिल्या आणि तो एक कागद त्यांनी उंच धरला. साहेब परत आले होते. त्यांनी सगळ्यात आधी बाक वाजवलं. दाढीवाले उठून म्हणाले, “अध्यक्ष महोदय, मला विचारायला काही उरलेलं नाही.” मग दोन्हीकडची बाकं वाजू लागली, आणि त्या गडगडाटात अधिकाऱ्यांच्या कक्षातून जोरजोरात टाळ्या ऐकू आल्या.

दारावरचा शिपाई धावत आला. “काका! इथे टाळ्यांना मनाई आहे.”

“माहीत आहे. हा नियम मी नऊ जणांना शिकवलाय.”

“मग?”

“मग काय? बाहेर काढ मला.”

शिपाई बिचारा घुटमळला. तेव्हा काका स्वतःच उठले, सदरा नीट केला, आणि ताठ मानेने बाहेर चालू लागले. त्यांच्या टाळ्या चालूच होत्या.