भोंग्याची गोळी

माझी धाकटी जाऊ कारखान्यात शर्टांना बटणं लावते. तिचं मशीन माझ्या शेजारीच. सगळ्या तिला 'होबाई' म्हणतात, कारण नाही म्हणणं तिच्या जिभेला माहीतच नाही.

दुसऱ्या बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं, की डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं, "पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल."

मग आमची खलबतं सुरू झाली. तांबी बसवावी, तर पाळीत जास्त रक्त जायची भीती, आणि हिच्या अंगात रक्त आहेच कुठे? हिचं ऑपरेशन करावं, तर सुपरवायझर म्हणाला, "खुशाल रजा घे, परत आल्यावर जागा मिळेल असं समजू नकोस." उरला माझा दीर. पुरुषाचं ऑपरेशन ते केवढंसं! पण तो म्हणे, "वहिनी, मी पोती उचलतो. ताकद गेली तर?" डोंबलाची ताकद!

राहिल्या गोळ्या. बाळ अंगावर पीत होतं, म्हणून नर्सने त्याला चालतील अशा दिल्या आणि बजावलं, "रोज एकाच वेळी. एक दिवसही चुकवायची नाही."

होबाईला वेळेचं भान नाही. तेव्हा मी शहाणीने तोंड उघडलं. "दुपारचा भोंगा झाला की घ्यायची. त्यात काय एवढं?"

आणि घेतली हो तिने! भोंगा वाजला की हात बटणांच्या डबीत, आणि तिथे ठेवलेली गोळी तोंडात. मला मेलीला केवढं कौतुक!

पाजत होती, त्यामुळे पाळी नाही आली तरी कुणाला काही वाटलं नाही. पोट दिसायला लागलं तेव्हा पाचवा महिना होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पाडणंही तितकंच धोक्याचं.

नर्सने रिकामी पाकिटं मागवली. ती रिकामी नव्हतीच. प्रत्येकात चार गोळ्या.

"या का गं उरल्या?"

"सुट्टीच्या दिवशी भोंगा नसतो ना," होबाई म्हणाली. "पण वाया नाही घालवल्या. जपून ठेवल्यात."

दीर भिंतीला टेकून रडत होता, ऑपरेशन करून घेतो म्हणत होता. आता म्हणतोय, मुडदा! पण त्याला काय बोलू? भोंगा मीच सांगितला होता.

घरी येताना तिने विचारलं, "जाऊबाई, मी मरेन का हो?"

"गप्प बस. काही होत नाही तुला."

"हो," ती म्हणाली, आणि चेहरा एकदम निवळला तिचा. माझ्या शब्दावर तिचा तेवढाच विश्वास आहे, अजूनही.