संध्याचं चित्र

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, पण माझी कीव करू नका — मला ती नको आहे.

माझी धाकटी जाऊ संध्या मला आवडत नाही. आजही नाही. चौबे कॉलनीतल्या घरात आम्ही खाली राहतो, ती वर. मूळची गोंदियाची. मोठ्याने हसते, कोणाच्याही घरात जाऊन बसते. आणि सासूबाई — राहायच्या आमच्याकडे, औषधं घ्यायच्या माझ्या हातून, पण गप्पा मारायला गुडघे धरत जिना चढायच्या. हे कारण आहे का? नाही. तुम्हाला तसं वाटलं तर वाटू द्या.

चाळिशीनंतर मी चित्रं काढायला लागले. शिकवणारं कोणी नव्हतं. दुपारी मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, पुन्हा लावायचा. तेलीबांध्याच्या तलावाशी जाऊन बसायचे. पाणी रंगवायला जायचे आणि कागदावर चिखल व्हायचा. पहिला रंग वाळायच्या आत दुसरा लावायचा नाही — एवढं कळायला किती कागद वाया घालवले मी. हळूहळू तलाव जमला, झाडं जमली. चेहरे मात्र जमेनात. सासूबाईंना समोर बसवलं, तर कागदावर दरवेळी भलतीच बाई निघायची.

मग संध्या म्हणाली, "ताई, मलेही शिकवा ना." मी माझे जुने ब्रश दिले. शिकवलं काहीच नाही. तिचं आभाळ मळकट यायचं. "काहून असं होते, ताई?" विचारायची. मला कारण माहीत होतं. मी म्हणायचे, "हात असावा लागतो."

आणि एके दिवशी ती सासूबाईंचं चित्र घेऊन खाली आली. मटार सोलताना, कवळी काढून ठेवलेली, तोंड आत गेलेलं. मागची भिंत डागाळलेली, बोटं लाकडासारखी — पण त्या सासूबाईच होत्या. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, म्हणाल्या, "हे तं मीच आहो." माझी मुलगी कॉलेजला निघाली होती. चपला घालता घालता, इथल्या सगळ्या मुलांसारखी हिंदीत म्हणाली, "मम्मी, चाची का तो आपसे अच्छा है." आणि गेली.

गणपतीत आमच्या मराठी मंडळात सभासदांची चित्रं लावणार होते. माझा तलाव जाणार होता. संध्यानं तिचं चित्र माझ्या हातात दिलं — "तुमच्यासंगं न्या ताई, मले लाज वाटते."

मी ते मंडळात नेलं नाही. मोरीत नेलं. नळाखाली धरलं आणि बोटांनी चोळलं. आधी साडी गेली, मग कपाळ. तोंड जाईना, नखानं खरवडलं, तेव्हा कागदाचा लगदा झाला. रागाच्या भरात केलं म्हणू का? तसं नव्हतं. दाराला कडी लावली होती. बांगड्या वर सरकवल्या होत्या.

मंडळातून परतल्यावर तिला सांगितलं, त्यांनी घेतलं नाही. एवढ्यावर थांबता आलं असतं. थांबले नाही. म्हटलं, "हसले, संध्या. म्हणे म्हातारीची थट्टा केली का. मी तिथंच फाडून टाकलं, तुझं आणखी हसं नको."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "बरं केलं ताई. दुसऱ्या कोणी सांगतलं नसतं." दुसऱ्या दिवशी ब्रश धुऊन, पुसून परत दिले. त्या वर्षी ती मंडळात आरतीलाही आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. भिंतीवर लावायला चांगला फोटो नव्हता. ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. त्यात त्या कोणासारख्याच दिसत नाहीत. हार घालताना संध्या म्हणाली, "आई अशा नव्हत्या दिसत." मी तिथंच उभी होते — उदबत्ती लावत.

आता कॉलनीतल्या बायका माझ्याकडे चित्रं शिकायला येतात. बऱ्याच जणींना संध्याच पाठवते. त्यांना सांगते, माझ्या जाऊबाई तोंडावर खरं बोलतात. त्या येऊन मला हे सांगतात, आणि मी त्यांना बसायला खुर्ची देते.