पेटीत भरलेला कापूस

स्पीकरच्या पेटीच्या मागच्या भोकातून धूर निघत होता आणि आमचे हे तिला कवटाळून जमिनीवर बसले होते. मी परसातून ओल्या हातांनी धावत आले, हात लुगड्याला पुसले, आधी बटण बंद केलं.

"सोडा ती पेटी! जीव जाईल."

"पेटी गयी खड्डामा," हे ओरडले. "दार लाव वं, कापूसनं दार लाव!"

मागच्या खोलीत वर्षाचा सगळा कापूस आढ्यापर्यंत रचलेला होता. भाव येईपर्यंत आमच्याकडे कापूस घरातच राहतो. त्या खोलीचं दार सताड उघडं, आणि पेटी दारापासून हातभर लांब. हे तिला अंगणात ओढायला उठले होते, पण डाव्या पायाने दगा दिला, तिथेच कोसळले. मग दार आणि पेटी यांच्या मध्ये स्वतःच बसून राहिले.

मी दार ओढून कडी घातली.

या स्पीकरच्या पेट्या दोन, जोडीच्या. लग्न झालं त्याच साली यांनी सुताराकडून फळ्या कापून घेऊन घरी बनवल्या होत्या. भडगावात आमच्या गल्लीतलं बारसं असो की हळद, लोक त्या मागून न्यायचे. मग डीजे आले. पेट्यांवर मी डाळीचे डबे ठेवले.

मागच्या साली यांना लकवा मारला. दवाखान्यातून घरी आले ते भिंतीकडे तोंड करून पडले. डॉक्टरने हातात दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो खाटेखाली टाकून दिला. मी सांगितलं, "तुमचं हगणंमुतणं करीन, पण मढ्याशी बोलत बसणार नाही."

एका दुपारी मी भंगारवाल्याला द्यायला पेट्या पुसत होते. खाटेवरून आवाज आला, "हात नको लावू. आतले कंडेन्सर सुकले असतील. चांगले टाकले तर वाजतील." घरी आल्यापासून यांनी बोललेलं पहिलं सबंध वाक्य ते. भंगारवाल्याला मी दारातूनच परत पाठवलं.

मग जळगावहून सामान यायला लागलं. आधी कंडेन्सर, मग जाड तांब्याची तार. पेटीत एक पट्टी असते, जाड आवाज मोठ्या स्पीकरकडे आणि बारीक आवाज छोट्याकडे पाठवणारी. तिच्यावरचा एकेक भाग हे काढायचे, चांगल्यातला बसवायचे, आणि तेच गाणं पुन्हा लावायचे.

"फरक शे ना?"

"काहीच फरक नाही," मी म्हणायची. मला ऐकू येत नव्हता, तर खोटं कशाला बोलू?

शेजारचे आबा मात्र शपथेवर सांगायचे. "भाऊ, पेटी अगदी कानात बोलतेय!" आबांना स्वतःच्या फोनची घंटी ऐकू येत नाही. चहा झाला की त्यांना फरक ऐकू यायचा.

मुलगा धुळ्याला असतो, विजेच्या कामावर. रविवारी आला की बापाशी वाद. "बाबा, वर पत्रे, खाली फरशी. इथे सोन्याची तार टाकली तरी तेच ऐकू येणार."

"तुन्हा कान बिघडेल शेतस," हे म्हणायचे.

"आई, तू तरी सांग यांना."

मी कानांनी ऐकत नव्हते, डोळ्यांनी बघत होते. डाख देताना उजव्या हातात तापलेली सळई असते, म्हणून तार डाव्या हाताने धरावी लागते. आधी ती सारखी खाली पडायची. हे शिव्या द्यायचे, पुन्हा उचलायचे. पुढे पुढे अंगठा आणि बोट एकमेकांना भेटायला लागले. मी त्यावर अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर यांनी हात धोतरात लपवला असता.

मग जळगावच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, पेटीत आतून कापूस भरा, आवाज गोल येतो. त्याच्या मनात दुकानात मिळणारी, पेटीला आतून लावायची पातळ गादी असणार. पण ज्याची खोली कापसाने भरली आहे, तो कापूस विकत आणेल का? यांनी घरचाच घेतला, सरकीसकट, आणि दोन्ही पेट्यांत ठासून भरला. त्या पट्टीवर एक पांढरा तुकडा असतो, वाजताना तो तापतो. त्यावरही कापूस दाबला गेला. त्या दुपारी उजवी पेटी मोठ्याने लावली होती.

ठासलेला कापूस भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. वरून पाणी ओतलं तरी आत निखारा राहतो. म्हणून दाराला कडी घातल्यावर मी पेटी अंगणात ओढली आणि कुऱ्हाड घेतली.

"फोडू नको! चारच स्क्रू शेतस!" हे आतून ओरडले.

मी फोडली. चिमट्याने कापूस उपसला, मातीवर पसरला, पाण्यात तुडवला. मग आत जाऊन यांना उठवून खाटेवर बसवलं. यांनी एकदा अंगणातल्या फळ्यांकडे पाहिलं आणि भिंतीकडे वळून आडवे झाले. धुराची भीती वाटली नव्हती, तेवढी मला त्या पाठीची वाटली. रात्री जेवले नाहीत.

सकाळी मुलगा आला. अंगण बघून म्हणाला, "आता तरी पटलं का, बाबा?"

"गप बस," मी म्हटलं. "आधी बापाला चहा दे."

हे उठून बसले. बशी दोन्ही हातांनी धरली. मुलगा त्या डाव्या हाताकडे बघत राहिला.

चहा संपवून हे मला म्हणाले, "पेचकस दे. डावी पेटी उघडनी शे. तिच्यामा बी कापूस शे." आणि वर, "कुऱ्हाड लांब ठेव."

स्क्रू यांनी काढले. चारही.

पेटी धुमसली त्या दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. दोघंही जिवंत आहोत.