काळ्या साडीतली राणी

इकडे परदेशात आमच्या टिलबर्गच्या मराठी बायकांना नुसतं हळदीकुंकू पुरत नाही, थीम लागते. गेल्या संक्रांतीला बॉलिवूड झालं. यंदा एकीच्या डोक्यातून निघालं, व्हिक्टोरियन! काळी साडी असतेच, तिच्यावर लेसचा बंद गळ्याचा ब्लाउज, डोक्यावर टोपी आणि वाण म्हणून चिनी मातीचा कप. झाली विलायत!

"त्या काळी काय संस्कार होते गं," यजमानीण मला फोनवर म्हणाली. संस्कार म्हणजे काय, तर बाईने घोटा दाखवायचा नाही आणि मोठ्याने हसायचं नाही. हे सांगणारी उन्हाळाभर हाफ पँट घालून सायकलवर ऑफिसला जाते. पण बोलणार कोण?

आई तेव्हा पुण्याहून माझ्याकडे आली होती. बाबा गेल्यापासून तिला हळदीकुंकवाचं बोलावणं येणं बंद झालं होतं. कुणी भांडलं नाही की काही बोललं नाही, बोलावणंच थांबलं. म्हणून इथलं आमंत्रण आलं तेव्हा तिने मला दोनदा विचारलं, "नक्की मलापण बोलावलंय ना?" आणि साडीला स्वतः इस्त्री केली.

मुलांकडे बघायला नवऱ्यालाही बरोबर घेऊन तिथे पोचलो तर राणी कोण होणार यावर खल चाललेला. आईला बघताच एकमत झालं. काळी साडी, पांढरे केस, ताठ कणा, अजून काय हवं? पुठ्ठ्याचा मुकुट चढला. बायका गुडघ्यात वाकून मुजरे करू लागल्या, फोटोंना ऊत आला. खऱ्या व्हिक्टोरिया राणीने नवरा गेल्यावर उरलेला जन्म काळं नेसून काढला, हे त्या उच्चशिक्षित दरबारात एकीलाही आठवलं नाही. आई मात्र लाजून लाल झाली होती. कित्येक महिन्यांनी तिला इतकं हसताना पाहून माझा सगळा कुजकटपणा गळून पडला.

मग करंडा निघाला. यजमानीण एकेकीला हळदीकुंकू लावत आली आणि आईपाशी थबकली. "काकू, तुम्ही तिळगूळ आणि वाण घ्या हं फक्त," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने हात पुढे केला.

"दे तो करंडा इकडे. मला लावायचं नसेल तर राहू दे. राहिलेल्यांना मी लावते."

सगळ्या हसल्या, यजमानणीने करंडा दिलाही. पण पुढे कुणी येईना! एकीला नेमका फोन आला, दुसरीला स्वयंपाकघरात काहीतरी करपल्याचा वास आला. काय एकेकीची नाकं! आत्ता मुजरे घालणाऱ्या ह्याच. आई मुकुट घालून, बोटाला कुंकू लावून उभीच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोघीतिघींना बाजूला सारून मी तिच्यासमोर गेले आणि कपाळ पुढे केलं.

"लाव गं आई."

तिचं बोट माझ्या कपाळापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पलीकडे मुलांना खाऊ देत असलेल्या माझ्या नवऱ्याकडे. बोट तिने पदराला पुसलं आणि करंडा यजमानणीच्या हातात परत ठेवला.

"हिला तूच लाव, बाई," ती म्हणाली.