डबल बास आणि खालची पट्टी

रायपुरात जॅझवर मराठीत कोणी लिहावं, अशी गरज कोणालाच नव्हती. तरीही नागपूरहून निघणाऱ्या एका छोट्या त्रैमासिकात मी हे सदर बरीच वर्षं लिहितो आहे. नोकरी हिंदी दैनिकात झाली. नगर निगमच्या बैठका, मंडीतली धानाची आवक, मंत्रालय नवा रायपुरला गेल्यावर तिथल्या बातम्या, हे माझं काम. संगीताचं शिक्षण नाही. रेल्वे कॉलनीतले एक शेजारी बदली होऊन जाताना कॅसेटचा खोका आमच्याकडे ठेवून गेले आणि तो न्यायला पुन्हा आले नाहीत. आमच्या घरी जॅझ आलं ते असं. त्या शेजाऱ्यांचे आभार मानायचे राहून गेले आहेत.

लिहिण्याची पद्धत बातमीदाराची आहे. कोणतं वाद्य कधी आलं, कोण थांबलं, मूळ धून कुठे सोडली आणि कुठे पुन्हा धरली, हे टिपायचं. मग मजकूर बायकोला वाचून दाखवायचा. ती छापखान्यात प्रूफरीडर होती. तिच्या काळी प्रूफ दोघं मिळून तपासत. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचे, दुसरा छापील ओळीवरून बोट फिरवी. घरीही तेच सुरू राहिलं. मी वाचतो, ती अडवते.

"सॅक्सोफोन रडतो म्हणजे काय?"

"ऐकताना दुःखी वाटते."

"कोणाले वाटते, त्याले का तुमाले? तो काय वाजवून राहिला ते लिहा ना."

मग रेकॉर्डिंग मागे नेऊन दोघांनी ऐकायचं. 'सूर खाली ओढत आणतो आणि मुक्कामाच्या जरा अलीकडे सोडून देतो', असं वाक्य तिने मान्य केलं आणि तेच छापलं. या सदरात वाचकांना जे काही नेमकं वाटत असेल, त्यातलं बरंचसं तिचं आहे.

तिला स्वतःला जॅझ आवडत नव्हतं. विहारात महिलांचा गाण्याचा गट आहे. रविवारी वंदना झाली की सगळ्या पेटी आणि ढोलक घेऊन बसतात, जयंतीचा कार्यक्रम बसवतात. तिथे टाळी पहिल्या मात्रेवर पडते. जॅझचा ड्रमवाला पायाने दोन लहान झांजा मिटतो, त्यांना हाय-हॅट म्हणतात, आणि त्या वाजतात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. तिच्या लेखी ही सरळ चूक होती.

"हा पोट्टा दर वेळेस टाळी चुकून राहिला. आमच्या गटात असता तर मागं बसवला असता."

"ती त्यांची पद्धत आहे."

"सगळे मिळून चुकले म्हणजे पद्धत होते का?"

मी कॅसेट उलटी करून दुसरी बाजू लावत असे.

मग तिचे कान कमी झाले. आधी दारावरची बेल गेली, मग कुकरची शिटी, मग फोनवरचा मुलीचा आवाज. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वरचे, बारीक आवाज गेले आहेत, खालचे बऱ्यापैकी शाबूत आहेत. दोन्ही कानांना मशीन लागलं. बोलणं पुन्हा समजू लागलं. सदर बाजारात गाड्यांचे हॉर्न सहन होईनात, पण ते चाललं असतं. अडलं ते पेटीपाशी. मशीन बोलण्यासाठी बनवलेलं. पेटीचा लांब, स्थिर सूर त्याला नको असलेली शिटी वाटायचा आणि ते तो कापायला जायचं. तिच्या कानात सूर थरथरू लागला. एका रविवारी, ज्या गाण्याची सुरुवात नेहमी तिच्याकडे असे, ते तिने भलत्याच सुरात उचललं. तिला ते बायकांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

पुढच्या रविवारी ती गेली नाही. गटप्रमुख ताईंचा फोन आला, तर गुडघा दुखतो म्हणाली. मुलगी म्हणाली, "मम्मी, सेटिंग बदलवा लेते हैं ना." सेटिंग बदललं. थरथर कमी झाली, गेली नाही.

"आता मले गाणं नाही जमत," तिने एकदाच सांगितलं. घरात लागलेलं गाणंही ती ऐकेना. माझा मजकूर तपासायची, पण फक्त कागदावर. "ऐकून पाहा म्हणू नका. शब्द बरोबर आहेत का, तेवढं सांगीन." आम्ही दोघंही ते तसंच चालू देत होतो. विहारातल्या गटाशिवाय तिचा रविवार कसा जातो, हे मला दिसत होतं. तिला सोबत म्हणून मी रायपूरजवळच्या अभनपुरला एका नातेवाइकांकडे चलण्याचा बेत काढला. तिने तो मोडीत काढला.

एका दुपारी तिची मशीन डबीत चार्जिंगला होती. मी बैठकीच्या खोलीत चार वादकांच्या एका चौकडीचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं होतं. ती टेबलापाशी शेंगा निवडत बसली होती. थोड्या वेळाने तिने हात थांबवला.

"हे खाली कोण चालून राहिलं?"

"कोण?"

"एकसारखा चालून राहिला. पाऊल चुकत नाही, थांबत नाही."

तो डबल बास होता, माणसाच्या उंचीचं ते वाद्य, ज्याच्या तारा बोटांनी छेडतात. माझ्या मसुद्यात त्याच्या वाट्याला 'साथ चोख' एवढे दोनच शब्द आले होते. तिने सुरुवातीपासून लावायला सांगितलं आणि तळहात टेबलावर ठेवून ऐकू लागली.

"तो टाळी चुकणारा गेला का?"

"आहे ना. वाजवूनच राहिला."

"मले नाही येत ऐकू," ती म्हणाली. "बरं झालं." आणि हसली. कानांच्या विषयावर हसताना मी तिला प्रथमच पाहिलं.

मशीनशिवाय हाय-हॅटचा बारीक आवाज तिच्यासाठी संपला होता, आणि त्याबरोबर तिचं जॅझशी असलेलं भांडणही. उरला होता बास, प्रत्येक मात्रेवर सारखं पाऊल टाकणारा. ती सांगत गेली. आता हा वर चढतो. आता एका पावलात दोन टाकतो. सॅक्सोफोन निघून गेला तरी हा त्याच सुरावर उभा आहे. मी हेडफोन लावून एकेक जागा तपासली. तिने सांगितलेलं सगळं तिथे होतं. मसुदा बाजूला ठेवला आणि नवा लेख बासवर लिहिला. मी तो वाचून दाखवताना ती पुन्हा रेकॉर्डिंग मागे न्यायला सांगू लागली. त्या कामाबद्दल मला वाटणारी कृतज्ञता लेखात लिहायची सोय नव्हती. ती इथे नोंदवतो.

लेख पाठवला त्या दिवशी तिने विचारलं, "खालचं ऐकू येते, तं खाली गाता येईन का?"

हा प्रश्न तिने स्वतःच गटप्रमुख ताईंकडे नेला. ताई निवृत्त नर्स आहेत, आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहतात. गुडघ्याची चौकशी त्यांनी केली नाही. रविवारी मशीन काढून तिला ढोलकच्या डाव्या बाजूला, जिथून घुमारा निघतो तिथे बसवलं, आणि पेटीवर नेहमीची पट्टी सोडून एकेक पट्टी खाली उतरत गेल्या. मी दाराजवळ सतरंजीच्या कडेला होतो.

"ताई, इतकी खाली?" मागून एकीने विचारलं. "आवाज पायात जाऊन राहिला आमचा."

"जाऊ दे. पायातून गा."

बायको मान हलवेपर्यंत पट्टी उतरली. मग तिने सुरुवात केली. धृपद सुरात आलं. अंतऱ्यात चाल वर गेली तिथे तिचा सूर सुटला, आणि बाकीच्या बायकांनी तेवढी ओळ मोठ्याने म्हणून तो झाकला. चाल खाली आली तेव्हा ती पुन्हा जागेवर होती.

गाणं संपलं. जयंतीचा कार्यक्रम जवळ आला होता आणि नव्या पट्टीत सगळी गाणी पुन्हा बसवावी लागणार होती. ताईंनी एकेकीकडे पाहिलं.

"हव," मघाची तक्रारवाली म्हणाली. "बसवू."

बायकोला ते ऐकू आलं नव्हतं. ताईंनी तिच्या कानाशी वाकून सांगितलं. तिने पदर सारखा केला आणि गटाला कामाची वाटणी सांगितली.

"वर गेलं की तुम्ही सांभाळा. खाली मी आहो."